तळवे

रात्रीच्या बातम्या संपल्या की अण्णा दिवाणावर पाय लांब करून बसतात. मी मोबाइलचा टॉर्च लावते आणि त्यांच्या पायांशी बसते. आधी टाचेच्या भेगा, मग चवडा, मग बोटांच्या बेचक्या. कुठे फोड आलाय का, लालसर डाग आहे का, घट्ट्याखाली रक्त साकळून काळं पडलंय का. शेवटी हाताची मागची बाजू आधी डाव्या तळव्याला आणि मग उजव्या तळव्याला टेकवते. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर आत काहीतरी चिघळतंय असं समजायचं. सगळं मिळून तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात अण्णांचं ठरलेलं वाक्य येतं, “काय बघतीस गं रोज रोज? पाय काय पळून चाललेत का?”

उजव्या पायाला अंगठा नाही. त्याची जागा आता गुळगुळीत झाली आहे.

आपल्याकडे थोरांच्या पायाला हात लावायची रीत आहे. दिवाळी, पाडवा, परीक्षा, परगावी जाणं, नवी नोकरी. लहानपणापासून अण्णांच्या पाया मी किती वेळा पडले असेन, त्याला गणतीच नाही. पण पाया पडताना हात लागतो तो पावलाच्या वरच्या बाजूला. तळवा जमिनीला टेकलेला असतो, तो कुणी बघत नाही. मी अण्णांचे तळवे पहिल्यांदा नीट पाहिले ते वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा उशीर झाला होता.

अण्णा एसटीत मेकॅनिक होते. निवृत्तीला वर्षभर राहिलं असताना, २००७ साली, त्यांना ‘साखर निघाली’. आमच्या भागात असंच म्हणतात. जशी काही त्या दिवशीच कुठूनतरी उगवली. खरं तर तोवर ती बरीच वर्षं अंगात मुरलेली असते. ब्रिटनमध्ये १९७७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात नुकताच टाइप टू मधुमेह सापडलेली ५,१०२ माणसं होती, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या शरीरात निदानाच्या दिवशीच कुठे ना कुठे इजेच्या खुणा दिसल्या. डोळ्याच्या पडद्यावर, नसांमध्ये, हृदयाच्या आलेखात. हे मला २००७ साली कुणी सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात मी अण्णांना पायातले बूट काढायला लावले असते.

त्याऐवजी आम्ही साखर मोजत राहिलो. जेवणाआधीची, जेवणानंतरची, दर तीन महिन्यांनी, अकरा वर्षं. आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांच्या टेबलासमोर अण्णा एकदाही अनवाणी बसले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. कागदावर आकडा बरा दिसला की आम्ही येताना गोड नसलेली बिस्किटं घेऊन घरी यायचो.

२०१८ साली धाकट्या भावाचा मुलगा मोठ्या आजारातून उठला. अण्णांनी माउलींना बोललं होतं, या खेपेला वारी अनवाणी करीन. आळंदीहून निघाले. त्यांना पायी चालायची सवय होती, वारीचीही होती. पण उन्हात तापलेल्या डांबरावर उघड्या पायांनी ते पहिल्यांदाच चालत होते. परत आले ते काळवंडून, पण चेहऱ्यावर तेज घेऊन. आईने विचारलं, पाय कसे आहेत? अण्णा म्हणाले, “अगदी बेस्ट. बूट घालून जायचो तेव्हा फोड यायचे, ठणकायचे. या खेपेला काय म्हणजे काय दुखलं नाही.”

आम्ही सगळ्यांनी हात जोडले. माउलींची कृपा, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी अण्णा आंघोळ करून बाहेर आले आणि आईने फरशीवरचे ओले ठसे पाहिले. उजव्या पावलाच्या प्रत्येक ठशात अंगठ्याच्या बुडाशी एक तांबूस डाग होता. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला होता. मी अण्णांना बसवून पाय वर घेतला तर तिथे रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती, कडा पांढऱ्या, मध्ये खोल. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यात बारीक सळई घातली, ती थेट हाडाला लागली. मी मान वळवली. अण्णा मात्र समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

हाडात पू गेला होता. अंगठा काढावा लागला.

यातलं काय मनात घर करून राहिलं असेल तर ते ‘दुखलं नाही’ हे वाक्य. आपण सगळे दुखण्याच्या भरवशावर जगतो. पोट दुखलं की दवाखाना, दात ठणकला की दातांचा डॉक्टर, आणि दुखत नाही म्हणजे सगळं ठीक. मधुमेह नेमका याच भरवशावर घाव घालतो. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा खराब होत जातात. सर्वांत लांब नसांना आधी झळ बसते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. आधी मुंग्या, रात्रीची आग, आणि मग एक दिवस काहीच नाही. ते ‘काहीच नाही’ आलं की घरात सगळ्यांना वाटतं, आराम पडला.

टाके निघाल्यावर आम्ही पायांच्या जखमांवर काम करणाऱ्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी ड्रॉवरमधून पेनासारखं काहीतरी काढलं. टोकाला नायलॉनचा जाडसर धागा होता, मासे धरायच्या गळाला असतो तसा. तो कातडीवर टेकवून दाबला की दहा ग्रॅम जोर पडताच वाकतो. त्यांनी तो आधी अण्णांच्या दंडाला लावून दाखवला आणि म्हणाल्या, “काका, आता डोळे मिटा. पायाला असं कुठे लागलं की ‘हो’ म्हणायचं.”

अण्णांनी डोळे मिटले. बाईंनी धागा डाव्या अंगठ्याला लावला. तो वाकलेला मला दिसला. मग चवड्याला तीन ठिकाणी, मग करंगळीला. दरवेळी धागा वाकत होता आणि खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. थोड्या वेळाने अण्णा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले,

“मॅडम, करा की सुरू.”

मला हुंदका आवरला नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, “हा चांगला पाय आहे ना? याच्यासाठीच तर बघतोय.”

बाहेर पडल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. रिक्षात बसल्यावर बोलले. “डेपोतनं गाडी काढायच्या आधी आम्ही टायरवर रॉड मारून बघायचो. हवा कमी असली की आवाज बद्द येतो. टायर रस्त्यात फुटायची वाट बघत नव्हतो.” मग जरा थांबून, “माझ्यावर कुणी रॉड मारलाच नाही.”

मधुमेहातल्या गुंतागुंतींचा अंदाज म्हणजे काय, हे मी त्यानंतर पुष्कळ वाचलं. पण अण्णांच्या त्या रॉडपेक्षा नेमकं काही सापडलं नाही.

वाचता वाचता एक नाव भेटलं, डॉ. पॉल ब्रँड. १९१४ साली तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आई-वडिलांच्या पोटी जन्मलेला हा शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला आणि कुष्ठरोग्यांमध्ये राहिला. तोवर समज असा होता की कुष्ठरोगात बोटं सडून गळतात. ब्रँड यांनी वर्षानुवर्षं त्या हातापायांकडे बारकाईनं पाहून दाखवून दिलं की बोटं रोगाने झडत नाहीत. त्यांना दुखत नाही म्हणून ती भाजतात, कापतात, एकाच जागी घासली जातात, आणि माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. पुढे ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हीच समज तिथल्या मधुमेहींच्या पायांना लागू पडली. मऊ तळाची पादत्राणं, जखमेवरचा भार काढणारं प्लास्टर, तळव्यावर गरम लागणारी जागा हाताने शोधणं. म्हणजे रोज रात्री मी जो हात टेकवते, त्याचा एक धागा वेल्लोरच्या कुष्ठरोग्यांपर्यंत जातो. आनंदवन ज्याला माहीत आहे अशा मराठी माणसाला तरी हे परकं वाटू नये.

जखम भरते ती मलमाने कमी आणि तिच्यावरचा भार काढल्याने जास्त, हे अण्णांच्या बाबतीत मी पाहिलं. पुढच्या वर्षी डाव्या चवड्यावर घट्ट्याखाली जखम झालीच. एकदा जखम झालेल्यांपैकी साधारण चाळीस टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा होते, त्यामुळे ‘भरली’ हा शब्द बाई कधी वापरत नाहीत, ‘सध्या मिटली आहे’ म्हणतात. पण या वेळी आम्ही ती दाण्याएवढी असताना पकडली. सहा आठवडे प्लास्टर, मग एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबरी तळाच्या चपला, घरातसुद्धा. देवघरापुढे अनवाणी उभं राहायचं नाही यावर आई अडली. अण्णांनीच तिला समजावलं, देवाला पाय शाबूत असलेला माणूस चालतो.

डोळ्याची गोष्ट मावशीची. कोल्हापूरची मावशी, पंधरा वर्षांची साखर, आणि नजर इतकी चांगली की सुईत दोरा स्वतः ओवायची. तेवढ्यावरच तिचा विश्वास. “मला स्वच्छ दिसतंय, तपासायचं काय?” बुबुळात थेंब घालून पडदा तपासायचा म्हणजे चार तास अंधूक दिसणार, दिवस फुकट जाणार, ही तिची अडचण. एका सकाळी तिला डोळ्यापुढे काळी जाळी तरंगताना दिसली. मोतीबिंदू असेल म्हणून ती महिनाभर थांबली. पडद्यावर उगवलेल्या नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून डोळ्यात रक्त उतरलं होतं. या वाहिन्या एका रात्रीत येत नाहीत. आधी पडद्यावर बारीक लाल ठिपके दिसतात, मग रक्ताचे डाग, आणि हे सगळं नजर उत्तम असताना चालू असतं. तेव्हा लेसर केला असता तर, हे ‘तर’ मावशी अजून बोलून दाखवते. अमेरिकेत १९७०च्या दशकात झालेल्या मोठ्या चाचणीतच दिसलं होतं की वेळेवर केलेला लेसर गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून खाली आणतो. म्हणजे उपाय मावशीच्या साखरेपेक्षाही जुना आहे. अलीकडे तर यंत्रही पडद्याचा फोटो पाहून सांगतं. गूगलच्या संशोधकांनी २०१६ साली असा कार्यक्रम तयार केला, त्याला शिकवायला वापरलेले फोटो अमेरिकेसोबत मदुराईच्या अरविंदसारख्या भारतातल्या नेत्र रुग्णालयांचेही होते. पण ज्याला स्वच्छ दिसतंय त्याला त्या कॅमेऱ्यासमोर कोण नेऊन बसवणार?

मूत्रपिंडाचंही तेच. बहुतेक घरांत ‘किडनी चांगली आहे’ म्हणजे ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’. मूत्रपिंडाने रक्तातून गाळून बाहेर टाकायचा हा कचरा. क्रिएटिनिन ठळक वाढेपर्यंत मूत्रपिंडाचं बरंच काम गेलेलं असतं. त्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन झिरपायला लागतं. लघवीतल्या एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत हवं. त्यापुढे गेलं तर मूत्रपिंडाची चाळणी सैल होत चालली आहे, आणि शिवाय हृदयालाही धोका वाढला आहे. एक छोटी बाटली, सकाळची लघवी, एवढंच. मला या तपासणीचं फार मोल वाटतं, कारण ती वेळेत कळवते आणि कळल्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या चाळणीवरचा दाब उतरवतात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी नवी औषधं गेल्या दहा वर्षांत मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही सांभाळणारी ठरली आहेत, आणि पेटंट संपल्यावर त्यांच्या किमती आपल्याकडे उतरल्या आहेत.

एकदा हृदयाच्या डॉक्टरांनी लॅपटॉपवर अण्णांचं वय, मधुमेहाची वर्षं, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) असं सगळं भरलं आणि उत्तर आलं. पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका तीस टक्के. अण्णांनी विचारलं, “म्हणजे मी त्या तिसांत का सत्तरांत?” डॉक्टर म्हणाले, ते कुणालाच सांगता येत नाही. मला या उत्तराचा तेव्हा राग आला होता. आता वाटतं, ते प्रामाणिक उत्तर होतं. तुमचं काय होणार हे तो आकडा सांगत नाही. कुठे बघायचं आणि किती नेटाने बघायचं, एवढंच सांगतो.

शिवाय असे हिशेब बहुतेक गोऱ्या माणसांच्या माहितीवर बांधलेले. आपलं शरीर वेगळं वागतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार चांगलं दाखवलं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. पाहताना दोघंही सडपातळ. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवर १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की आपली बाळंही अशीच जन्मतात, वजनाने हलकी, पण मानाने चरबी जास्त. अण्णा आयुष्यभर काटकुळे. ‘असल्या माणसाला कसली शुगर’ हे वाक्य मी नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकलंय की तो फोटो पाहिल्यावर मला कुणीतरी आपली बाजू घेतल्यासारखं वाटलं.

आणि एवढं सगळं कळल्यावर मी चूक केली ती उलट्या बाजूची. अंगठा गेल्यावर मी साखरेच्या हात धुऊन मागे लागले. भात बंद, आंबा बंद, एचबीएवनसी साडेसहाच्या खाली आणायचाच. अण्णांचा आकडा ६.३ आला तेव्हा मी तो रिपोर्ट भावाला फोटो काढून पाठवला होता. त्याच महिन्यात एकादशी आली. अण्णांनी साखर उतरवणारी सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीसारखी घेतली आणि दिवसभरात मूठभर शेंगदाणे आणि दोन केळी खाल्ली. मध्यरात्री आईने हाक मारली. अण्णा घामाने भिजले होते, हात थरथरत होते, मला ‘आक्का’ म्हणत होते. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, ती जाऊन वीस वर्षं झाली. यंत्रावर साखर ४१, म्हणजे धोक्याइतकी खाली. ते शुद्धीत होते, गिळू शकत होते, म्हणून साखरेचं पाणी पाजता आलं. पंधरा मिनिटांनी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

अमेरिकेत दहा हजारांहून जास्त मधुमेहींवर झालेल्या एका चाचणीत एचबीएवनसी सहाच्या खाली आणायचा चंग बांधलेल्या गटात मृत्यू वाढले, आणि २००८ साली तो भाग थांबवावा लागला. हे मी त्या रात्रीनंतर वाचलं. डॉक्टर बाईंनी अण्णांची गोळी बदलली, लक्ष्य साडेसात-आठच्या आसपास ठेवलं आणि मला म्हणाल्या, “तुम्ही एकाच काट्याकडे बघताय.” मग डेन्मार्कचा एक छोटा अभ्यास सांगितला. फक्त १६० माणसं, सगळ्यांच्या लघवीत प्रथिन झिरपायला लागलेलं. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, खाणं, चालणं, सिगारेट असं सगळं एकदम हातात घेतलं, कुठल्याच एका गोष्टीचा अट्टहास न करता. एकवीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा दुसऱ्या गटाला सुमारे आठ वर्षांचं आयुष्य जास्त मिळालं होतं. आठ वर्षं! अण्णांच्या नातवंडांपैकी एक त्या आठ वर्षांत दहावीपर्यंत पोचेल.

आता आमच्या घरात वर्षातून एकदा, श्रावणात, अण्णांचे डोळे, लघवी, पाय, रक्तदाब, सगळं एका आठवड्यात होतं. एकादशीला कुठली गोळी वगळायची हे बाईंनी कागदावर लिहून दिलंय, तो कागद देवघरातल्या पंचांगात असतो.

गेल्या दिवाळीला सगळे जमलो होतो. थोरल्या दादाला तीन वर्षांपूर्वी साखर निघाली. तो पन्नाशीचा, बँकेत, दिवसभर खुर्चीत. फराळ झाल्यावर मी त्याला सोफ्यावर बसवलं आणि मोजे काढायला लावले. धागा घरी नसला तरी बोटाने करायची एक सोपी तपासणी आहे. डोळे मिटायचे, आणि दुसऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला हलकेच, दाबायचं नाही, दोन सेकंद स्पर्श करायचा. सहांपैकी दोन जागा कळल्या नाहीत तर डॉक्टरांकडे जायचं. पोरं भोवती जमली. अण्णा खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसले.

उजवा अंगठा. “हो.” उजवी करंगळी. “हो.” डावा अंगठा. “हो.” डाव्या करंगळीला दादा जरा थांबला. मग म्हणाला, “हो… लागलं वाटतं.” मधली दोन्ही बोटं, हो, हो.

अण्णांनी रुमालाने चष्मा पुसला. “आता लघवी,” ते म्हणाले.

दादाचा अल्ब्युमिनचा पहिला आकडा ४६ आला. ताप, जंतुसंसर्ग, जादा व्यायाम यांनीही तो वर जातो, म्हणून एकावर विसंबायचं नसतं. तीनपैकी दोनदा वाढलेला दिसला तर खरं मानायचं. डिसेंबरातला दुसरा आला २८. अण्णा रोज फोनवर विचारतात. तिसरी बाटली येत्या बुधवारी सकाळी द्यायची आहे.